आरोग्य-चर्चा : रक्तवाहिनीचा शेजार

'चरबी' या शब्दास आपल्या भाषेंत मोठी चमत्कारिक प्रतिष्ठा लाभली आहे. एखादा माणूस उद्धटपणें बोलूं लागला कीं त्यास 'चरबी चढली आहे' म्हणून आपण नांवें ठेवतों. आणि त्याच तोंडानें, लग्नानंतर वर्षभरानें घरीं आलेल्या जांवयाचें पोट थोडें सुटलेलें दिसलें म्हणजे 'आतां कसे अंगानें भरले आहेत' असें कौतुकही करतों. आयुर्वेदाची गोष्टही कांहींशी अशीच आहे. मेदास सप्तधातूंत मानाचें स्थान आहे. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ज्या आठ प्रकारच्या शरीरांची निंद्य म्हणून गणना केलेली आहे त्यांत अतिस्थूल हाही एक आहे. एकच वस्तु एका ठिकाणीं आधार आणि दुसऱ्या ठिकाणीं अपकार, असें हें प्रकरण आहे. गेल्या तीसपस्तीस वर्षांत पाश्चात्य प्रयोगशाळांतून जें संशोधन झालें त्यावरून असें दिसूं लागलें आहे कीं, हा दुटप्पीपणा आपल्या बोलण्यांतला नसून खुद्द चरबींतलाच आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास एका वाचकभगिनीचें पत्र कारण झालें. त्यांच्या सासऱ्यांस रक्तदाबाचा विकार आहे व डॉक्टरांनीं वजन उतरविण्यास सांगितलें आहे. वर्षभर तूप-साखरेवर करडी नजर ठेवली, सणावारीं स्वतःच्या हातानें केलेलीं पक्वान्नें त्यांच्या पानांत बेताचीं वाढून घरच्यांचा रोष पत्करला, त्यांना नित्य पहांटे फिरावयास पाठविलें. तेव्हां कोठें कांट्यावर चार किलोंचा फरक पडला. त्या लिहितात, "मामंजींचें पोट अजून दिसावयास तसेंच आहे. एवढा खटाटोप करून काय मिळविलेंत, असें घरांतील मंडळी विचारतात. त्यांना मी काय सांगूं?" प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर देण्यासाठीं थोडें दुरून यावें लागेल.

पूर्वीं चरबी म्हणजे शरीराचें कोठार, एवढीच वैद्यकाची समजूत होती. सुगीच्या दिवसांत भरावें, दुष्काळांत उपसावें. कोठारास स्वतःचें असें मत नसतें. ही समजूत १९९४ सालीं पार ढासळली. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेंत लेप्टिन नांवाचें एक द्रव्य सांपडलें. हें द्रव्य चरबीच्या पेशी तयार करून रक्तांत सोडतात आणि त्या मार्गें मेंदूस साठ्याची वर्दी देतात. म्हणजे हें कोठार मुकें नसून धन्यास रोज चिठ्ठ्या पाठवीत होतें! पुढें अशा चिठ्ठ्यांचे आणखीही कितीतरी प्रकार आढळले. त्यांपैकीं अ‍ॅडिपोनेक्टिन या एकाचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां रक्तवाहिनीकडे वळूं. आपल्या घरांत पाणी आणणारा नळ आणि शुद्ध रक्त नेणारी रोहिणी यांची तुलना शाळेच्या पुस्तकांत नेहमीं केलेली असते. पण ती फारशी खरी नाहीं. नळ आपला व्यास बदलीत नाहीं. रोहिणीच्या भिंतींत मात्र स्नायूंचा एक थर असतो. तो आवळला म्हणजे मार्ग अरुंद होतो व रक्ताचा दाब चढतो. सैल पडला म्हणजे दाब उतरतो. विशेषतः शिवणाच्या दोऱ्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक अशा ज्या असंख्य रोहिण्या शरीरभर पसरल्या आहेत, त्यांच्या आवळण्या-सैलावण्यावर रक्तदाबाचें बरेंचसें गणित अवलंबून असतें. हे आवळा, सैल व्हा, असे हुकूम त्यांस कोण देतें?

या शोधाच्या इतिहासांत एक मौज आहे. ब्रुकलिन येथील रॉबर्ट फर्चगॉट हे शास्त्रज्ञ सशाच्या महारोहिणीचे तुकडे घेऊन त्यांवर निरनिराळ्या द्रव्यांचे प्रयोग करीत असत. वाहिनी सैल पडावी अशा द्रव्यानेंही त्यांच्या हातांतील तुकडे सैल पडत नसत. अखेर ध्यानांत आलें कीं, तुकडा तयार करतांना त्याची आंतील बाजू नकळत घांसली जाते व तेथला अत्यंत नाजूक अंतःस्तर निघून जातो. अंतःस्तर शाबूत ठेवला तर वाहिनी सैल पडते, खरवडला तर नाहीं. हें त्यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलें. त्या अंतःस्तरांतून निघणारें, स्नायूस सैल करणारें द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नांवाचा एक क्षणभंगुर वायु, हें पुढें सिद्ध झालें आणि १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नारो व म्युराड या तिघांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

आंतली साल टाकून देण्यानें काय गमावलें जात होतें हें असें उमगलें. पण बाहेरची साल? बहुतेक रोहिण्यांभोंवतीं चरबीचें एक वेष्टण असतें. प्रयोगाकरितां वाहिनी घेतली कीं तें वेष्टण सोलून केरांत टाकावयाचें, ही प्रयोगशाळांची शिरस्त्याची रीति होती. भाजी निवडतांना आपण देंठ टाकतों तशी. १९९१ सालीं सॉल्टिस व कॅसिस या अमेरिकन संशोधकांनीं उंदराच्या महारोहिणीचे कांहीं तुकडे सोलून व कांहीं चरबीसकट घेतले आणि वाहिनी आवळणारें तेंच एक द्रव्य दोहोंवर घातलें. चरबीसकट असलेला तुकडा कमी आवळला गेला. यावर दहाएक वर्षें कोणीं विशेष लक्ष दिलें नाहीं. पुढें २००२ सालीं बर्लिन येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, ज्या द्रवांत हें वेष्टण ठेवलें होतें तो द्रव सोललेल्या वाहिनीवर घातला तरी ती सैल पडते. म्हणजे बाहेरची चरबी नुसती गादी नसून ती वाहिनीस कांहीं एक द्रव्य पुरवून शांत ठेवीत असते. निरोगी माणसाच्या शरीरांत रोहिणीच्या आंतून अंतःस्तर आणि बाहेरून चरबी, असे दोघेही तिला सैल ठेवण्यास झटत असतात. चांगला शेजार म्हणतात तो हाच.

मग स्थूल माणसाच्या अंगीं तर हें वेष्टण अधिक जाड असतें. त्याचा रक्तदाब अधिक उतरावयास हवा! प्रत्यक्षांत उलटें कां घडतें, याचें उत्तर चरबींत चरबीखेरीज आणखी कोण राहतें यांत आहे.

शरीराच्या रक्षणासाठीं ज्या पांढऱ्या पेशी आहेत त्यांचा मुक्काम रक्तांतच असतो असें नाहीं. पुष्कळशा पेशी निरनिराळ्या अवयवांत घर करून राहतात. त्यांतल्या दोहोंची ओळख येथें करून घेतली पाहिजे. पहिली भक्षकपेशी, जिला शास्त्रज्ञ मॅक्रोफेज म्हणतात. रशियन पंडित मेचनिकॉफ यांनीं १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना गांवीं तारामत्स्याच्या पारदर्शक पिल्लांत कांटे टोंचून पाहिलें, तों त्या कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींची गर्दी जमलेली दिसली. या पेशी परक्या वस्तूस गिळतात हा सिद्धांत त्यांनीं तेव्हांपासून मांडला. दुसरी पेशी इओसिनोफिल. जर्मनीचे पॉल एर्लिख यांनीं १८७९ सालीं, इओसिन नांवाच्या तांबड्या रंगानें जिचे कण चटकन रंगतात म्हणून तिला हें नांव दिलें. (गंमत अशी कीं, १९०८ सालचें नोबेल पारितोषिक या दोघांस विभागून मिळालें, पुढें शंभर वर्षांनीं त्यांच्या या दोन पेशी चरबीच्या एकाच तुकड्यांत भेटतील हें त्यांच्या स्वप्नींही नसेल.) इओसिनोफिल हें नांव आपल्या घरांतून अपरिचित नाहीं. मुलास दमा लागला, सारख्या शिंका येऊं लागल्या किंवा पोटांत जंत झाले म्हणजे रक्ततपासणीच्या कागदावर 'इओसिनोफिल वाढले' असा शेरा येतो, आणि ही कोणी दुष्टच पेशी असली पाहिजे असा आपला समज होतो. तो समज अपुरा आहे, हें लवकरच दिसेल.

कृश किंवा मध्यम बांध्याच्या माणसाच्या चरबींत भक्षकपेशी असतात, पण बेताच्या. एखादी पेशी मेली तर ती गिळून जागा साफ करावी, एवढेंच त्यांचें काम. त्यांना अशा सौम्य वृत्तींत ठेवण्याचें काम चरबींतले इओसिनोफिल करतात, असें २०११ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांस उंदरांत आढळून आलें. म्हणजे दमेकऱ्याच्या छातींत उपद्रव देणारी हीच पेशी चरबींत मात्र एखाद्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें घरांतील तापट मंडळींस आवरून धरीत असते.

आतां माणूस लठ्ठ होऊं लागला म्हणजे काय होतें तें पाहूं. चरबीची प्रत्येक पेशी तेलानें फुगत जाते. भोंवतालच्या सूक्ष्म केशवाहिन्यांचें जाळें त्या वेगानें वाढत नाहीं. त्यामुळें फुगलेल्या पेशींस प्राणवायूची टंचाई भासूं लागते. कांहीं पेशी घुसमटतात, कांहीं मरतात. मेलेल्या पेशींतील तेल सांडून पडलें कीं तें निस्तरण्यासाठीं भक्षकपेशींस बोलावणें जातें, आणि एकदां बोलावणें गेलें कीं मग त्यांच्या झुंडी येतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेले आंकडे पाहिले म्हणजे या आक्रमणाची कल्पना येते. सडपातळ माणसाच्या चरबींतील एकंदर पेशींपैकीं शेंकडा दहांहूनही कमी पेशी भक्षक असतात. लठ्ठ माणसांत हेंच प्रमाण शेंकडा चाळीसच्या घरांत जातें. २००५ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं असेंही दिसलें कीं, यांतील बहुतेक भक्षकपेशी मेलेल्या चरबीपेशीभोंवतीं कडें करून बसलेल्या असतात. मुकुटासारख्या दिसणाऱ्या या रचनेस शास्त्रज्ञांनीं नांवही मुकुटावरूनच दिलें आहे. मुकुट असला तरी तो मृताच्या मस्तकीं आहे, हें विसरतां येत नाहीं.

जमलेली ही मंडळी नुसती गिळून स्वस्थ बसत नाहीं. जंतूंशीं लढतांना वापरावयाचीं जीं दाहक द्रव्यें, तीं सर्व त्या येथें ओतूं लागतात, वस्तुतः जंतु एकही नसतांना. हा दाह मंद असतो. ताप येत नाहीं, ठणका लागत नाहीं, बाहेरून कांहींच समजत नाहीं. परंतु या द्रव्यांनीं चरबीपेशींची अ‍ॅडिपोनेक्टिन बनविण्याची शक्ति क्षीण होते, आणि दाहांतून निघणारे उग्र प्राणवायु-कण नायट्रिक ऑक्साइडचा तो क्षणभंगुर वायु जागच्याजागीं नष्ट करून टाकतात. रोहिणीस आंतून व बाहेरून मिळणारे दोनही दिलासे असे एकदम आटतात.

हें अनुमान प्रत्यक्ष माणसाच्या शरीरांत पडताळून पाहण्याचें काम इंग्लंडांतील मँचेस्टर येथें झालें. तेथील वैद्यांनीं निरोगी व स्थूल अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या नितंबावरील त्वचेखालची थोडीशी चरबी काढून घेतली व तींतील बारीक रोहिण्या कांहीं सोलून, कांहीं वेष्टणासकट तपासल्या. निरोगी माणसाच्या रोहिणीस वेष्टण असलें म्हणजे ती कमी आवळली जाई. स्थूल माणसाच्या रोहिणीस वेष्टण असून नसल्यासारखेंच. शेजारी तोच, घरही तेंच, पण मदतीचा हात आखडलेला! हें २००९ सालचें संशोधन. त्याच शहरांतील संशोधकांनीं २०१७ सालीं उंदरांवर आणखी एक पाऊल पुढें टाकलें. लठ्ठ उंदरांत रक्तवाहिनीभोंवतालच्या चरबींतून इओसिनोफिल कमी झालेले होते. जे उंदीर जन्मतःच इओसिनोफिलविरहित, त्यांच्या अंगीं लठ्ठपणा नसतांही त्या वेष्टणाचा गुण नव्हता. आणि अशा वेष्टणास बाहेरून इओसिनोफिल पुरविले तर तो गुण परत येई. हे पेशीबुवा चरबीपेशींस कांहीं द्रव्यें देऊन त्यांच्याकडून अ‍ॅडिपोनेक्टिन व नायट्रिक ऑक्साइड सोडवितात, असा त्याचा अर्थ लावला आहे. उंदरांवरून माणसांवर एकदम उडी मारणें शहाणपणाचें नव्हे, हें खरें. तथापि दिशा कोणती तें यावरून स्पष्ट दिसतें.

येथवर आल्यावर वाचकभगिनीच्या प्रश्नाकडे जातां येतें. चरबी किती आहे यापेक्षां ती कशा स्थितींत आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असेल तर दोन गोष्टी दिसावयास हव्यात: चरबी नुसती उचलून टाकली तर फारसा लाभ होऊं नये, आणि चरबी पुष्कळ उरली असली तरी तिची स्थिति सुधारतांच लाभ दिसावा. दैवयोगानें या दोहोंचीही परीक्षा झालेली आहे.

अमेरिकेंतील सेंट लुई येथें पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालून यंत्रानें शोषून सुमारें नऊ-दहा किलो चरबी काढली गेली. दहाबारा आठवड्यांनीं पुनः तपासणी केली तों रक्तदाब, इन्शुलिनचा परिणाम, दाहाचीं लक्षणें, कशांतच सुधारणा नाहीं! हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. चेहरामोहरा सुधारण्यासाठीं आजकाल शहरांतून या शस्त्रक्रियेच्या मोठमोठ्या जाहिराती लागतात; त्या वाचणाऱ्यांनीं ही हकीकत अवश्य ध्यानांत घ्यावी. याच्या उलट, मँचेस्टरच्या त्याच वैद्यांनीं, आहार घटविणारी जठराची शस्त्रक्रिया झालेल्या अतिस्थूल माणसांच्या रोहिण्या सहा महिन्यांनीं पुनः तपासल्या. या माणसांचें वजन उतरलें होतें, पण तीं अजूनही स्थूलच होतीं. तरीसुद्धां चरबींतला दाह ओसरला होता आणि वेष्टणाचा हरवलेला गुण परत आला होता. हें २०१३ सालचें. चरबीच्या पेशी संख्येनें घटत नाहींत, नुसत्या आकारानें आकसतात. परंतु तेवढ्यानेंही त्यांस श्वास घेण्यास जागा होते, मरणें थांबतें आणि बोलावलेल्या झुंडी पांगूं लागतात, असें दिसतें.

आतां मामंजींची शस्त्रक्रिया झालेली नाहीं, त्यांनीं चार किलो घालविले ते मेहनतीनें; तेव्हां त्यांच्या रोहिण्यांत नेमकें काय झालें हें तपासल्यावांचून कोणीं ठासून सांगूं नये. पण रक्तदाबाचा हिशेब मात्र मांडतां येतो. वजन उतरविण्याच्या पंचवीस प्रयोगांचा २००३ सालीं जो एकत्रित विचार झाला, त्यांत दर एका किलोमागें वरचा दाब सरासरीनें सुमारें एक मिलिमीटर उतरलेला दिसला. म्हणजे चार किलोंस चारएक मिलिमीटर. घरांतील मंडळींस हा आंकडा क्षुल्लक वाटेल. त्यांना सांगावें कीं, पोट हें बाहेरून पाहावयाचें प्रेक्षणीय स्थळ नसून आंतल्या कारभाराचें ठिकाण आहे, आणि आंतला कारभार आरशांत दिसत नाहीं. शिवाय सुनेनें पक्वान्न बेतानें वाढलें ही कंजूषी नव्हे, हेंही कोणीं तरी वडिलधाऱ्यानें पंगतींत मोठ्यानें म्हटलें तर बरें होईल. आणि हें सर्व झाल्यावर, डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करूं नयेत.

कोणी म्हणेल, सगळा दोष दाहाचा, तर दाह मारणारें औषधच घ्यावें. तुपावर रुसण्याचें कारण काय? तोही प्रयत्न झाला आहे. हृदयविकाराचा झटका एकदां येऊन गेलेल्या दहा हजारांवर रोग्यांस दाहाचा एक विशिष्ट संदेश रोखणारें औषध टोंचून पाहण्यांत आलें. २०१७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: पुनः झटका वगैरे येण्याचें प्रमाण शेंकडा पंधरानें घटलें, परंतु जंतुसंसर्गानें मरणाऱ्यांची संख्या वाढली. पहारेकऱ्यांस अफू चारली म्हणजे घरांतली भांडणें थांबतात खरीं, पण चोरांसही दार मोकळें होतें.

शेवटीं आपल्या लोकांपुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां मित्रांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपलें छायाचित्र जोडीनें छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही तंतोतंत २२.३, म्हणजे दोघेही सडपातळच. पण शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांच्या अंगीं ती शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या अंगीं शेंकडा २१.२ भरली! पुण्याजवळच्या खेड्यांतून जन्मलेलीं बालकें इंग्लंडांतील बालकांहून वजनानें कितीतरी हलकीं असूनही त्यांच्या अंगावर चरबी त्या मानानें जास्त असते, हेंही डॉ. याज्ञिकांच्याच संशोधनांत आढळलें आहे. याचा अर्थ, 'आमचे हे कुठें जाड आहेत?' हा प्रश्न वजनाच्या कांट्यास विचारून भागत नाहीं. तो कमरेस विचारावा लागतो. कारण जी चरबी पोटांत आंतड्यांभोंवतीं सांचते तींत हा दाह विशेषेंकरून भडकतो.

घरांत शिवणाची फीत असतेच. उभें राहून सर्वांत खालची बरगडी व कमरेच्या हाडाचा वरचा कांठ यांच्या मधोमध ती आडवी धरावी, श्वास सहज सोडल्यावर, पोट आंत न ओढतां, मोजावें. आपल्या देशांतील पुरुषांस ९० सेंटिमीटर व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा ठरविलेली आहे. मोजमाप घरांतील सर्व प्रौढ माणसांचें व्हावें. आणि विशेषतः पंगती उठल्यावर सर्वांच्या मागून जेवणाऱ्या, पातेल्यांत उरलेलें टाकवत नाहीं म्हणून स्वतःच्या पानांत घेणाऱ्या गृहिणींचें, ज्यांच्या कमरेची चौकशी साडीच्या निऱ्यांआड कोणींच केलेली नसते.